सोनालीच्या गुडघ्याचे दुखणे

मित्रांनो, मी एक जुने, बुटके सागवानी स्टूल आहे. कर्वेनगरमधल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझे आयुष्य गेले. श्यामसुंदर सुतारांनी मला घडवले. माझ्यावर पाय देऊन रुग्ण तपासणीच्या पलंगावर चढत. "पक्कं आहे हो!" असे म्हणून म्हातारी माणसे मला शाबासकी देत. पुढे निळी प्लास्टिकची पायरी आली. मी दाराआड गेले आणि माझ्यावर पाण्याचा जार बसला.

एके दिवशी लोणी काळभोरहून सोनाली आली. ती पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करत होती. थोडे पळाले की तिच्या उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागे. जिना उतरताना तर जीव नकोसा होई.

"एक्स-रे काढला, तेल चोळलं. हाय तसंच हाय," तिचे वडील संभाजी म्हणाले.

दीपाली डॉक्टरांनी गुडघ्याच्या जरा वर, बाहेरून अंगठा दाबला आणि पाय वाकवून सरळ केला. सोनाली कळवळली.

"आयटी बँड. कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत जाणारा मांडीचा पट्टा. तो इथे चिडलाय."

"आयटीवाल्यांचा आजार व्हय? पोरगी तर रानात वाढलीय!"

"काका, तो नोकरी विचारून येत नाही."

प्लास्टिकची पायरी डुगडुगत होती, म्हणून डॉक्टरांनी मला बाहेर ओढले. सोनाली माझ्यावर एका पायावर उभी राहिली आणि दुसरा पाय हळूच खाली नेऊ लागली. तिची कंबर कलली, गुडघा आत झुकला.

"बघ. खुब्याचे स्नायू कमजोर आहेत, भोगतोय गुडघा. त्यात, तू सांगतेस तशी, रस्त्याच्या उतरत्या कडेनेच पळतेस. सध्या पळणं बंद."

"मॅडम, मैदानी चाचणी तोंडावर आलीय!"

"म्हणूनच."

सोनालीचे डोळे भरले, पण तिने ऐकले. कुशीवर निजून पाय उचलणे, माझ्यावरून सावकाश उतरणे, हेच तिचे काम झाले. कंबर कलायची थांबली, तेव्हा तिला सपाट मैदानावर थोडे थोडे पळायची मुभा मिळाली.

चाचणीनंतर संभाजी सोनालीला घेऊन सांगायला आले. "भरती थोडक्यात हुकली. पण पोरगी लंगडली नाय, शेवटपर्यंत पळली."

"पुढच्या भरतीला बघते मी," सोनाली म्हणाली.

मित्रांनो, शरीर कुरकुरते तेव्हाच त्याचे ऐका. दुखते तिथेच मूळ असते असे नाही, म्हणून जाणकाराला विचारा. आणि थांबायला सांगितले तर थांबा. त्याला पळण्याहून जास्त धीर लागतो. सोनालीच्या तळपायांखाली मला तो जाणवला आहे.