चावी देणारा हात

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. मशीन म्हटल्यावर दचकू नका, मी जेमतेम एखाद्या नाण्याएवढी आहे. मनगटी घड्याळाच्या तबकडीखाली जी दातेरी चाके फिरतात, ती मी. लोक काट्यांचे कौतुक करतात. मला कोणी ओळखतही नाही.

माझ्या पाठीवर अर्ध्या चकतीसारखे एक वजन आहे. हात हलला की ते फिरते आणि माझी स्प्रिंग आपोआप भरते. पण हात हललाच नाही तर मी बंद पडते. ही काळजी घेऊनच मी जन्माला आले आणि ती अजून सुटलेली नाही.

तरुणपणी मी एका गवंड्याच्या मनगटावर होते. तो हात सतत हलता, त्यामुळे माझी कधी उपासमार झाली नाही. पुढे काच फुटली, बाहेरची धातूची केस गंजली आणि एका घड्याळजीने मला काढून डब्यात टाकले. दुकान कायमचे बंद करताना त्याने तो डबा नेहमी सुटे भाग न्यायला येणाऱ्या एका मुलीला देऊन टाकला. तीच माझी ताई.

ताई कवळ्या बनवते. घरी आली की जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा अडवून हौसेने घड्याळे जुळवत बसते. तिची आई वैतागते, "दिवसभर लोकांचे दात, घरी आली की चाकांचे दात! स्वतःच्या दातांना काही देणार आहेस की नाही? चल जेवायला!"

त्या वेळी ताईला तिच्या बाबांसाठी घड्याळ बनवायचे होते. बाबांनी जन्मभर शाळेत घंटा दिली. सकाळी उठून आधी घड्याळाला चावी द्यायची आणि मगच चहा, असा त्यांचा नेम. पण आता त्यांचा डावा हात थरथरू लागला होता आणि उजव्याची बोटे आखडली होती. इवलीशी चावी चिमटीत धरवेना. घड्याळ बंद पडले, आणि बाबा डावा हात मांडीखाली दाबून खिडकीशी बसून राहू लागले. कोणी आले तरी उठत नसत.

"सेलचं घड्याळ आणून दे की," आई म्हणाली.

"नको," बाबा म्हणाले. "त्याला माणूस लागतच नाही. आपण असलो काय, नसलो काय."

म्हणून ताईने आपोआप भरणाऱ्या दोन मशिनी निवडल्या. एक कोरी करकरीत आणि दुसरी मी. मग आमची परीक्षा सुरू झाली. टिकटिक ऐकून पडद्यावर रेघ काढणारे एक यंत्र तिच्याकडे आहे. त्यावर तिने आम्हाला उताणे ठेवले, पालथे घातले, कुशीवर उभे केले. नवीची रेघ सरळच्या सरळ. माझी मात्र कुशीवर वळले की वाकडी.

"थकलीय बिचारी," ताई म्हणाली. "हिचे सुटे भाग तरी उपयोगी पडतील."

सुटे भाग! मित्रांनो, तुम्हाला कोणी असे म्हटले तर? माझे तर धाबे दणाणले. चिमटा माझ्या शेजारीच पडला होता.

नवी मशीन बाबांच्या हातावर गेली आणि दुसऱ्या दुपारी बंद पडली. ताईने ती टेबलावर तपासली, तर ठणठणीत. स्वतःच्या मनगटावर बांधली, तरी ठणठणीत. बाबांना परत दिली की परत बंद.

"मशीनचा दोष नाही गं," बाबा म्हणाले. "माझीच हालचाल नाही. राहू दे आता."

शेवटचा उपाय म्हणून ताईने मला नव्या केसमध्ये बसवले, मागच्या बाजूला काच लावली आणि थोडी चावी दिली. बाबांनी मला बांधून घेतले आणि हात पुन्हा मांडीखाली दाबला. माझ्या पाठीवरचे वजन जागचे हलेना. स्प्रिंग उलगडत चालली होती आणि मला तो चिमटा आठवत होता. मी थांबले की माझे तुकडे होणार, आणि बाबा पुन्हा कधी घड्याळाचे नाव काढणार नाहीत, हे मला कळत होते. हात बाहेर काढा हो, असे ओरडून सांगावेसे वाटे. पण मला टिकटिकीखेरीज वाचा नाही.

शेवटी मीही थांबले. ताईने गुपचूप पट्टा सोडला.

"बघू दे, आतून कशी दिसते ती," बाबा म्हणाले आणि त्यांनी मला डाव्या तळहातावर पालथे घेतले. हात थरथरू लागला. माझे वजन डावीकडे गेले, उजवीकडे गेले, पुन्हा डावीकडे. नवी मशीन एकाच दिशेने भरते. मी जुन्या घडणीची, दोन्हीकडून भरते. माझे टिकटिक करणारे छोटे चाक हळूच झुलू लागले, आणि काचेतून ते ताईने पाहिले.

"बाबा, हलू नका!" ती किंचाळली. "म्हणजे... हलत राहा! हात तसाच ठेवा!"

"तो कुठे तसाच राहतोय," बाबा म्हणाले.

"अहो, तोच हात चावी देतोय! हिला नुसती थरथर पुरते."

बाबा कितीतरी वेळ काचेतून माझ्याकडे बघत बसले. मग त्यांनी डावे मनगट ताईपुढे केले.

तेव्हापासून तो हात मांडीखाली गेलेला नाही. परवा शेजारचे काका आले आणि हाताकडे बघून त्यांनी चटकन नजर वळवली. बाबा म्हणाले, "बघा की. चावी देतोय."

माझी काळजी मात्र संपलेली नाही. डॉक्टरांनी नवे औषध सुरू केले आहे. ज्या दिवशी हात शांत असतो, त्या दिवशी मी मंदावते, आणि काय मागावे तेच मला कळत नाही. तरी बाबांना बरे वाटो, एवढेच मी मागते. कमी पडेल ती चावी ताई देईल.

आणि मित्रांनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. असा थरथरणारा हात दिसला तर तुम्ही नजर वळवू नका. जवळ जा आणि किती वाजले ते विचारा. आमच्या बाबांनी जन्मभर मुलांनाच वेळ सांगितली आहे.