चिठ्ठीवर दुसरीचे नाव

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. बायकांच्या छातीत कर्करोगाची गाठ दडली आहे का, हे मी पाहते. समोर उभ्या राहिलेल्या बाईला मी दोन थंड पाट्यांमध्ये घट्ट धरते आणि तिने स्वतःही कधी न पाहिलेले तिच्या आतले पाहते. भीती वाटली ना? कधी कधी मलाही वाटते.

परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पुण्याच्या एका दवाखान्यात मी बारा वर्षे चाकरी केली, कौतुकही झाले. मग नवे यंत्र आले आणि मी अडगळीत पडले. पुढे एका धर्मादाय संस्थेने मला मोटारीत बसवून मुळशीतली गावे दाखवली. आमचे शिबिर सरकारी मोहिमेतले नव्हे. आज इथे, उद्या तिथे. मागे राहून विचारपूस करणारे कोणी नाही. नावाची चिठ्ठी दिसली की बाई आत, ओळख कोणी पडताळत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मुळशीतल्या रिहे गावी गेलो. बचत गटाच्या अध्यक्ष शुभांगीताईंनी चाळीस नावांची यादी केली होती आणि पहिले नाव स्वतःचे घातले होते. साऱ्या गावाला तपासणीचे महत्त्व पटवणारी ही बाई माझ्या दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली. कपडे उतरवायची लाज होतीच, त्याहून गाठीची धास्ती मोठी. पण अध्यक्षच आल्या नाहीत, तर बायका काय म्हणतील? तेवढ्यात त्यांच्या शेतावर मजुरीला येणारी, धनगरवस्तीवरची राजाबाई समोरून जाताना दिसली. तिचे नाव कुठल्याच यादीत नव्हते. ताईंनी आपली चिठ्ठी तिच्या हातात कोंबली.

“तू जा. नाव इचारलं तर माजं सांग. दोन मिंटाचं काम हाय.”

राजाबाई आत आली. मालकिणीला नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

मी पाहिले. डाव्या बाजूला, खोल आत, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. चित्राखाली नाव उमटले, शुभांगी. अंग एकीचे, नाव दुसरीचे. मला ओरडावेसे वाटले, पण मला तोंड नाही. दिवे मालवले, मोटार गावाबाहेर पडली, तरी तो ठिपका माझ्यासमोरून हलेना.

निरोप अर्थातच शुभांगीताईंच्या घरी गेला. त्यांचे यजमान कैलासराव घाबरून त्यांना पुण्याला घेऊन गेले. तिथे काहीच निघाले नाही. घरी पेढे वाटले. शिबिरातले यंत्र खोटे बोलते, अशी गावोगाव बोंब झाली आणि माझ्याकडे बायका फिरकेनाशा झाल्या. खरे काय ते ताईंना ठाऊक होते. पण कबूल केले तर नाचक्की, म्हणून यंत्रच चुकले असे त्यांनी स्वतःलाही पटवले. राजाबाईला कोणी काही सांगितले नाही. ती चिखलात वाकून भात लावत राहिली. मला ताईंचा राग येतो आणि कीवही येते.

यंदा आम्ही पुन्हा रिह्याला आलो. पुन्हा एकदा खात्री करून घे, असे कैलासरावांनी बजावल्यामुळे या खेपेस शुभांगीताई स्वतः उभ्या राहिल्या. मला चालवणाऱ्या सायलीने जुने आणि नवे चित्र शेजारी शेजारी लावले आणि ती पडद्याजवळ वाकली.

“ताई, आजच्या चित्रात नुसता ठिपका दिसला नसता तर समजलं असतं,” ती म्हणाली. “पण जुन्या चित्रातलं हे अंगच दुसऱ्या कुणाचं आहे.”

पडद्यावर ताईंच्या नावाची दुसरीच बाई होती. ती मी नव्हते, एवढे पुटपुटून ताई अनवाणीच धनगरवस्तीकडे धावल्या.

तासाभराने त्या राजाबाईला हाताला धरून घेऊन आल्या. ती खंगली होती. डावा हात अंगाशी जपून धरला होता. ती मुकाट्याने माझ्यासमोर आली आणि तिने हळूच विचारले,

“आज कुनाच्या नावावर हुबी राहू?”

शुभांगीताईंना हुंदका फुटला.

“तुज्याच, राजाबाई. तुज्याच नावावर.”

मी पाट्या मिटल्या. कणी आता कणी राहिली नव्हती. पण चित्राखाली पहिल्यांदाच तिचे स्वतःचे नाव उमटले, आणि त्याच दुपारी ताईंच्या गाडीतून ती पुण्याला निघाली.

मित्रांनो, तुमच्या आईला, काकूला, शेतावर राबणाऱ्या मावशीला माझ्याकडे जरूर पाठवा, पण जिच्या तिच्या नावाने पाठवा. आणि उत्तर आले की ते जिचे आहे तिच्यापर्यंत पोहोचवा. राजाबाई वाचेल की नाही, ते मला ठाऊक नाही. तिचे दोन पावसाळे वाया गेले, आणि ते मला परत देता येत नाहीत.