मध्य सरकलेल्या हॉलमधला दोर

खाली

मुलीने फरशीवर खडूने फुली मारली. संध्याकाळच्या गाण्याच्या कार्यक्रमाचे स्पीकर या फुलीवर टांगायचे. बाप वर, हॉलच्या छताखालच्या लोखंडी तुळयांवर. त्याने दोर सोडायचा, तो फुलीवर उतरायचा, हिने साखळी बांधायची. आई गेली तेव्हापासून दोघांचं हेच काम.

दोर उतरला. फुलीपासून लांब, खुर्च्यांच्या रांगेत.

"थांब!"

सोड, थांब, बांधलं. खालून एवढंच बोलायचं. नियम बापाचाच. हॉलमध्ये आवाज घुमतो. वाद घातला तर तो वरच्याच्या कानात चहूबाजूंनी शिरतो, लक्ष ढळतं. उतरायला सांगणारा शब्दच नाही. कधी उतरायचं ते वरचा ठरवतो.

"काका आज प्रेक्षकांच्या मांडीवर देतात वाटतं स्पीकर!" पैलवान म्हणाला. पैलवान म्हणजे सामान वाहणारा, अंगाने काडी. "महागाचं तिकीट, वस्तू घरी न्या!"

ती हसली नाही. एक भिंत पाडून हॉल वाढवला, त्याआधी त्याचा मध्य तिथे होता, जिथे आता दोर लोंबत होता.

मध्य

तिथे कुस्त्या झाल्या. तिथे सर्कशीचं रिंगण होतं, वर झुला. मग पाणी गोठवून त्यावर मुलं घसरली, पडली, हसली. पूर आला तेव्हा माणसं सतरंज्यांवर झोपली, एक बाई तिथेच बाळंत झाली. नंतर परीक्षेची बाकं. ज्याला जे लागेल ते बापाने वरून टांगून दिलं: दिवे, झुला, पडदे, पुरात तर ओले कपडे वाळवायच्या दोऱ्यासुद्धा.

आणि हल्ली तो घरी आईला हाका मारायचा. चहा पिऊन झाल्यावर चहा मागायचा. पण तुळईवर चढला की पाऊल अचूक. म्हणून तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

तिने मान वर केली. बापाच्या कमरेच्या पट्ट्याचा आकडा सुटा हलत होता. कशातच अडकवलेला नव्हता.

ओरडली तर तो दचकेल. तिने पैलवानाचा पट्टा ओढून घेतला आणि शिडी धरली.

वर

"कोण गं तू?"

ओठांवर आलेलं "बाबा" तिने गिळलं.

"नवीन आहे."

"नवीन, आणि थेट वर? पट्टा अडकवलास?"

"जमत नाही. दाखवा ना."

"कोणालाही भरती करतात!" त्याने स्वतःचा आकडा उचलला, तुळईवरच्या तारेत अडकवला. टक. "हा असा. आणि मग नव्या जावयाकडे बघतात तसं बघायचं त्याच्याकडे. ओढून, ताणून. लगेच विश्वास नाही ठेवायचा."

तिने आपला अडकवला. ओढला, ताणला.

"आता उतरायचं कसं?"

"उतरायचं? झुला राहिलाय. आज सर्कशीचा पहिला खेळ."

"मला भीती वाटतेय."

तो तिच्याकडे बघत राहिला. सर्कस, झुला, खाली खोळंबलेली माणसं, सगळं बाजूला ठेवून म्हणाला, "रडू नको. मी आधी उतरतो. तू माझ्या मागून ये. पाय सुटला तर माझ्या खांद्यावर येशील."

शिडी

डावा पाय. हां. आता उजवा. आकडा काढून खालच्या कडीत. खाली बघू नको, माझा आवाज ऐक. शाबास.

खाली

पैलवानाने त्याला पाणी दिलं. या वेळी थट्टा केली नाही.

"पोरगी शिकेल," बाप त्याला म्हणाला. "उद्यापासून हिलाच पाठव वर. माझे हात आता…" त्याने दोन्ही हात समोर धरून पाहिले.

मग तो तिच्याकडे वळला, आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, एक काम कर. माझी मुलगी इथेच कुठेतरी असते कामाला. तिला एवढ्यात कळू देऊ नकोस. माझ्याशिवाय कोणी नाही तिला."

"नाही कळू देत," ती म्हणाली.

तो हात वर करून उभा राहिला. तिने त्याच्या कमरेचा पट्टा सोडवला.