दुसरं ताट

इंग्रजीच्या बाईंनी पुस्तक टेबलावर आपटलं. खडूची धूळ उडाली.

“दोन ताटं का मांडतो तो?”

चाचणीचे तपासलेले पेपर वाटून झाल्यावर हेच त्यांनी आधी सहज विचारलं होतं. चाचणीतल्या उताऱ्यातला म्हातारा रोज संध्याकाळी दोन ताटं मांडायचा आणि जेवण झालं की एकच घासायचा. शेवटी पहिली उभी राहिली. कायम पहिला नंबर, म्हणून सगळे तिला पहिलीच म्हणत.

“बाई, तो प्रश्न नाहीये. किती ताटं, एवढंच विचारलंय. टू प्लेट्स.”

“अगं, पण का?”

“‘व्हाय’ आलं की ‘बिकॉज’च्या ओळीखाली रेघ मारायची. इथे ‘बिकॉज’ नाहीच.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेघ ही मुख्याध्यापकांची देणगी. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, रेघ मारायची, ओळ उतरवायची. शाळेचा निकाल त्या रेघेवरच उभा होता. बाईही वर्षभर मुकाट्याने तेच शिकवत आल्या होत्या.

“पुस्तकं मिटा. म्हाताऱ्याच्या घरात काय चाललंय, ते आपल्या भाषेत सांगा.”

एकच गलका झाला. पाहुणा येणार असेल. रोज कसला पाहुणा रे? म्हातारा विसरभोळा असेल. म्हणून तर दुसरं ताट घासायला विसरतो! अरे, त्यात कुणी जेवतच नाही तर घासेल कशाला?

आवाज ऐकून मुख्याध्यापक दारात आले.

“परीक्षा तोंडावर आलीय आणि तुम्ही गप्पा कसल्या मारताय?”

“सर, यांना उताऱ्यातलं काडीचंही कळलेलं नाही.”

“मार्क पडतात ना? मग कळलं. ही पोरगी बघा, पैकीच्या पैकी!”

पहिली अजून उभीच होती.

“त्याची बायको गेलीय,” ती हळूच म्हणाली. “तो कुणाला सांगत नाही. नुसतं ताट मांडतो.”

बाईंना भरून आलं. बघा म्हणावं आता, असं वाटून त्या मुख्याध्यापकांकडे वळल्या.

तेवढ्यात पहिलीने आपला पेपर आणून टेबलावर टाकला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“काडीचंही कळलं नव्हतं, मग मला पैकीच्या पैकी का दिले?”

“ए, जागेवर बस!” मुख्याध्यापक ओरडले.

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

“सांगा ना, बाई. तुम्हाला तर माहीत होतं.”