होड्या कुठून आल्या?

आमचा रेडिओ सायकलवर चालायचा. जाफन्यात बॅटऱ्या यायच्या बंद झाल्या, तेव्हा परसात ताडाखाली सायकल उलटी ठेवून मी हाताने पायडल फिरवायचे. डायनामो घुरघुरायचा आणि रेडिओला कंठ फुटायचा. हात मंदावला की बातम्या सांगणारा बुडायचा.

"अगं, मार जोरात! मंत्री बुडाला बघ!" शेजारचे नल्लतंबी मामा ओरडायचे. ते दिवस आठवले की अजून माझ्या दंडात गोड कळ उठते.

त्या दुपारी मात्र कुणी हसलं नाही. सरकारी केंद्र म्हणालं, नावलकुळम् शांत आहे, शाळा भरली. तासाभराने पोरांचं केंद्र (लढणाऱ्यांना आम्ही पोरंच म्हणायचो) म्हणालं, नावलकुळम्‌वर विमानांनी बॉम्ब टाकले, चौदा माणसं गेली.

माझी तिलका अक्का नावलकुळम्‌लाच दिलेली. पदरात सहा महिन्यांचं बाळ.

अम्मा उंबऱ्यावर मटकन बसली.

"सरकारचं काय खरं मानायचं?" मामा म्हणाले. "आणि पोरंही कमी नाहीत. एकच रणगाडा तीनदा जाळला त्यांनी."

"मामा, गप्प बसा हो!" मी म्हणाले.

अप्पांनी तीस वर्षं टपालखात्यात पत्रं निवडली होती. ते मला म्हणाले, "लेकी, पोरांचं केंद्र पुन्हा लाव. परत वाचतील ते."

"काय ऐकायचंय त्यात? आकडा?" अम्मा कळवळली.

"आकडा नव्हे. बाकीचं."

मी फिरवत राहिले. घाम डोळ्यांत उतरला. बाईचा आवाज आला: शाळेचं छप्पर उडालं, अकरा होड्या जळाल्या.

"थांब," अप्पा म्हणाले. "होड्या?"

"होड्याच म्हणाली."

"तिलकाच्या गावात म्हशी डुंबतील एवढं एक तळं. होड्या कुठून आल्या?"

नावल म्हणजे जांभूळ, कुळम् म्हणजे तळं. तळ्याकाठी जांभूळ दिसलं की आमच्या लोकांनी हेच नाव ठेवलेलं. दुसरं नावलकुळम् पूर्व किनाऱ्यावर, कोळ्यांचं. त्यांची पत्रं अक्काच्या, भातशेतीच्या गावाला जायची, भातवाल्यांची समुद्रावर. तीस वर्षं ही चुकामूक अप्पाच निस्तरत आले होते.

"नक्की ना?" अम्मा म्हणाली. "माझी लेक आहे ती, पाकीट नव्हे."

"नक्की."

त्यानंतर अकरा दिवस अम्माने सायकलला हात लावू दिला नाही.

बाराव्या सकाळी अक्का बैलगाडीतून उतरली. कडेवर बाळ. "अम्मा, किती गं वाळलीस? आजारी होतीस का?"

अम्मा हसली, रडली, ताडगुळाचं पायसम चुलीवर चढवलं. मामांनी बाळाची हनुवटी धरली. "बोला साहेब, तुम्ही कुठल्या बाजूचे?"

अप्पा वाटी नुसती धरून बसले होते.

"आता तरी खा. तुमचंच खरं ठरलं," अम्मा म्हणाली.

"तेच तर. म्हणजे तिकडचंही खरंच असणार."

मग ते कधीही न पाहिलेल्या माणसांची नावं घेऊ लागले. अंतोनीपिळ्ळै, ज्याचा मुलगा दर नाताळाला परदेशातून अर्धाच पत्ता घालायचा. फिलोमिना, जी नवऱ्याला महिन्याला एक पत्र लिहायची आणि तिला उत्तर कधी यायचं नाही.

चूल विझत आली. अम्मा हात पुसत अप्पांजवळ येऊन बसली.

"अजून कोण होतं हो तिथं?" तिने विचारलं.