साहेब, काटा कडेला गेलाय

माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा, असे थोर लोक सांगून गेले आहेत. त्यांच्यापैकी कुणी विमान उतरवल्याची नोंद नाही.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले बॉयलर ऑपरेटर सहादू गांगुर्डे यांचा रंगनाथ १९८१ साली विमान उतरवत होता. म्हणजे कॅप्टन उतरवत, रंगनाथ शेजारी बसे. धावपट्टीपासून रेडिओचा झोत निघतो, त्यावर विमानातला एक काटा हलतो. काटा मधोमध, तर विमान सरळ रेषेत. लख्ख उन्हात धावपट्टी दिसत असली तरी काटा लावून ठेवायचा, असा कंपनीचा नियम.

गेल्या आठवड्यात कॅप्टनसाहेबांना धावपट्टी लख्ख दिसली. ती शेजारची, बंद पडलेली होती. काटा पार कडेला गेला. रंगनाथने तो पाहिला आणि वडीलधाऱ्यांची चूक दाखवण्याच्या आपल्या रीतीप्रमाणे तो खाकरला. तीनदा. साहेबांनी मायेने खोकल्याची गोळी पुढे केली. शेवटी टॉवरवाल्याने ओरडून विमान परत वर घ्यायला लावले.

सुटीवर आलेला मुलगा न जेवताच ताटावरून उठला, तेव्हा भिमाबाईने हे सारे काढून घेतले.

"परवा पुन्हा तेच साहेब, तेच गाव," रंगनाथ म्हणाला. "माझ्याच्यानं नाही बोलवणार, आई. आणि मागं चाळीस माणसं बसलेली असतात."

"भट्टीच्या भोकातून जाळ दिसतो म्हणून आम्ही मीटर बघायचं सोडतो का?" सहादू म्हणाले.

"पण साहेबांना तसं तोंडावर सांगता?"

"पहिल्या वर्षी नव्हतं सांगितलं."

त्यांनी बाही वर केली. कोपरापर्यंतचा भाजल्याचा डाग घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्याचे कारण मात्र आज कळले. भिमाबाईलासुद्धा.

मग दोन लोखंडी खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. सहादू कॅप्टन झाले. भिमाबाई तांदूळ पाखडायचे सूप घेऊन मागे प्रवासी म्हणून बसली.

"मला धावपट्टी दिसतेय," कॅप्टन गुरगुरले.

"साहेब... काटा जरा..."

"मागं काय ऐकू आलं नाय बाई," प्रवासी म्हणाली.

"साहेब, काटा कडेला गेलाय."

"तू मला शिकवतोस? काल आलेलं पोरगं!"

रंगनाथची मान खाली गेली. सहादूंना राहवले नाही. साहेबपण सोडून त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

"हात काढा," मागून भिमाबाई म्हणाली. "तिथला साहेब हात ठेवणार नाय. बोल रंगा, मला उतरायचंय."

"साहेब, काटा कडेला गेलाय! वर घ्या!"

शेजारच्या लताबाई काय झाले म्हणून दारात आल्या. रंगनाथ त्या दिवशी दोनदा जेवला.

परवाच्या त्या फेरीला गावावर इतके ढग होते, की धावपट्टी कुणालाच दिसली नाही; साहेबांनी आपणहून काटा पाहत विमान उतरवले.