गिरणीचा घास

नवा नियम आला तेव्हा कामशेतच्या बाजारात पहिले दोन दिवस नुसता शिव्यांचा धुरळा उडाला. सरकारी खात्याचं पत्रक असं होतं, की तांदूळ पाकिटात भरून विकायचा तर पाकिटावर शेतकऱ्याचं नाव, गाव, वाण आणि भरडल्याची तारीख हवी. शिवाय एकाचं भात झालं की दुसऱ्याचं घालण्याआधी गिरणी पूर्ण रिकामी करून झाडायची. तपासणीत पास झालात तर प्रमाणपत्र. नाहीतर पाकीट विसरा, लोकांचं भात भरडून द्या आणि गप्प बसा.

बाजारातले मोठे व्यापारी दहा गावचा तांदूळ एका ढिगात ओतून वर ‘इंद्रायणी’ असा शिक्का मारणारे. ते बोंबलणारच. सविताने मात्र पत्रक दोनदा वाचलं आणि तिला चक्क हसू आलं. तिच्या गिरणीत कधी कुणाचं भात कुणात मिसळलंच नव्हतं. ज्या घरचं पोतं, त्या घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी त्याच्या तोंडाला बांधलेली. सविता लांबूनच चिंधी बघून सांगायची, हे कोंडाजीभाऊंचं आणि हे पवनेकडच्या लीलाबाईंचं.

गिरणी तिच्या सासऱ्यांनी, दत्तोबांनी घातलेली. त्यांचे गुडघे गेले आणि नवरा अमृत तळेगावच्या कंपनीत लागलेला, म्हणून नऊ वर्षांपूर्वी ती सविताकडे आली. शेतकऱ्यांचा तांदूळ पाकिटात भरून विकायचं डोकं मात्र तिचं एकटीचं. लोणावळ्याच्या नीरजाताई आपल्या दुकानात तिची पाकिटं ठेवायच्या आणि नाताळच्या सुट्टीसाठी त्यांनी भरपूर माल मागितला होता. प्रमाणपत्र मिळालं नाही तर हे सगळं बंद पडणार होतं.

तपासणीला आलेला साहेब, प्रज्ञेश, तरुण आणि काटकुळा होता. कुणी न सांगता त्याने दारात बूट काढले, तेव्हाच सविताला तो आवडला. त्याने एकेक पोतं उघडलं, दाणे तळहातावर घेतले, चिंध्यांचं प्रकरण समजून घेतलं आणि फोनवर त्यांचे फोटोही काढले. “ताई, असं काम मी अजून कुठं बघितलं नाही,” तो म्हणाला. कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा झाल्या. दाराशी खाटेवर बसलेले दत्तोबा मिशीतल्या मिशीत हसले.

“आता शेवटचं. एकाचं झालं की वरचं तोंड पूर्ण रिकामं करता ना?”

भात ओततात त्या पत्र्याच्या डब्याला सगळे तोंड म्हणत. सविताने हो म्हणायला ओठ उघडले आणि तशीच थांबली.

दत्तोबांचा एक नेम होता. गिरणीला उपाशी ठेवायचं नाही. एकाचं भात संपत आलं की मूठभर तोंडात राहू द्यायचं आणि दुसऱ्याचं त्यावर ओतायचं. तो गिरणीचा घास. सविताही नऊ वर्षं तेच करत आली होती. पत्रक दोनदा वाचूनही तिला हे आठवलं नव्हतं, कारण त्या मुठीला त्या घरात कुणी भात म्हणतच नव्हतं.

“न्हाई सायेब,” ती म्हणाली. “येक मूठ ऱ्हाती.” आणि तिने सगळं सांगून टाकलं.

प्रज्ञेशचं पेन हवेतच राहिलं. “एका मुठीनं काही बिघडत नाही, हे मलाही कळतं. पण इंद्रायणीवर आंबेमोहोर पडला की ती भेसळच. तुम्ही सांगितलंत, आता मला लिहावं लागेल.” त्याने शेरा लिहिला आणि सुधारणेला पंधरा दिवस दिले. तोवर पाकिटं बंद.

नाताळची मागणी हातची गेली. कोंडाजीभाऊ भात घालायला आले आणि तिच्यावरच उखडले. “सायबानं गळा धरला व्हता का तुजा? हो म्हनून मोकळं व्हायचं!”

सविताला त्यांचं बोलणं लागलं नाही. तिला लागली ती दत्तोबांनी फिरवलेली पाठ. दोन दिवस ते धड जेवले नाहीत. नेम मोडल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि म्हाताऱ्याचा चाळीस वर्षांचा नेम मोडायचा कसा? तिचा धीर होईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गिरणीत आली तर दत्तोबा स्टुलावर चढलेले, एक हात खांद्यापर्यंत गिरणीच्या तोंडात आणि दुसऱ्या हातात झाडणी.

“आबा! उतरा आदी! पडाल ना!”

“गप. नेम माजा व्हता, मोडनार बी मीच. तू मोडलास तर गाव तुला बोलंल.” त्यांनी शेवटचा दाणा काढला, मूठ दारातल्या कोंबड्यांना टाकली आणि धापा टाकत खाटेवर टेकले. “चाळीस वरसं हिला घास घातला, हिनं बी आपल्याला उपाशी ठिवलं न्हाई. झाली फिट्टंफाट.”

“तुमी रागावलावता ना माज्यावर?”

“लय रागावलोवतो. मग म्हनलं, लोकं पोती हितं टाकून बिनघोर रानात जात्यात, कुनी राखन करीत बसत न्हाई. ते काय माज्या घासामुळं? तू खरं बोलतीस म्हनून.”

 सविताने सरळ वाकून त्यांचे पाय धरले.

पुन्हा तपासणी झाली. प्रज्ञेशने गिरणीच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं. आत नुसता पत्रा चमकत होता. प्रमाणपत्र हाती आलं तेव्हा नाताळ सरून आठवडा झाला होता, तरी नीरजाताईंनी फोनवर सांगितलं, घेऊन या, गिऱ्हाईक विचारतंय.

लोणावळ्याला माल पोचवायला दत्तोबा हट्टाने बरोबर निघाले. धुवट धोतर, कडक इस्त्रीची टोपी, मांडीवर पाकिटांची एक पिशवी. दुकानात सविता पाकिटं फळीवर लावत होती, ते बाकावर बसले होते. पुण्याच्या एका बाईने पाकीट हातात घेऊन उलटसुलट वाचलं आणि कौतुकाने विचारलं, “आजोबा, गिरणी तुमची का?”

“न्हाई,” दत्तोबा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे म्हणाले. “गिरनी माज्या सुनंची. ही काय हुबी हाय. मी आपला पिशवी धराया आलोय.”

सविताने पाकिटं लावायचं काम उगाचच लांबवलं. मागे वळली असती तर भर दुकानात रडली असती.